सातव्या ताडापाशी

गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे काल सकाळी उलट्या दिशेला फडफडत होते. गेले चार-पाच महिने ते समुद्राकडे झेपावत होते. काल बघते तर माझी साडी आणि अविनाशचे शर्ट शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे ओढ घेत होते. म्हणजे वारा ईशान्येकडून यायला लागला. चहा हातातच थंड झाला तरी मी तिथून हलले नाही. खाली आले तेव्हा माझ्या चेहऱ्याकडे बघून अविनाशनं, माझ्या नवऱ्यानं, पेपर घडी करून बाजूला ठेवला. ‘‘बदलला वाटतं वारा,’’ तो म्हणाला, ‘‘आता दिवाळीपर्यंत भाजीला मीठ मीच घालतो.’’

तो म्हणतो त्यात खोटं काही नाही. या दिवसांत माझ्या पायाला भिंगरी लागते. मी फोडणी करपवते, कपाटं उपसते आणि तशीच टाकते, या तमिळ शहरातल्या, नुंगंबाक्कमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकी ते दार आणि दार ते खिडकी अशा फेऱ्या मारते. फोनवर उपग्रहाचं चित्र दर अर्ध्या तासानं बघते. बंगालच्या उपसागरावर कुठे पांढरं दिसलं की ते मोठं करून बघत बसते. पावसाची मला भीती नाही. तीस वर्षं विमानं उडवली, त्यातली बरीचशी दुसऱ्यांना शिकवण्यात गेली. ढगांशी माझं बऱ्यापैकी जमतं. मला सुधरू देत नाही तो एकच ऑक्टोबर, नऊ वर्षांपूर्वीचा. आणि यंदा त्यात भर म्हणून परवान्यासाठीची माझ्या डोळ्यांची तपासणी याच आठवड्यात आली. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक बारीक डाग आलाय. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ‘बघू’ म्हणत सोडलं होतं. यंदा त्या डोळ्यानं तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचता आली नाही, तर माझं उडणं संपलं. साठाव्या वर्षी काय राहिलंय त्यात, असं माझी बहीण मिरजेहून फोनवर म्हणते. तिला काय सांगायचं?

शहराबाहेर, ओरगडमच्या कारखान्यांपलीकडे, नव्या कोऱ्या गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर जिथे दिसेनासे होतात, तिथून एक लाल मातीचा रस्ता आत वळायचा. त्याच्या टोकाला सेतुमामांची जमीन होती. त्या ऑक्टोबरच्या काही वर्षं आधी अविनाश तिथल्या एका कारखान्यात होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, ‘‘कँटीनमध्ये ऐकलं, पलीकडे एक म्हातारा शेतात विमान ठेवतो. आणि मराठी बोलतो म्हणे.’’ विमानासाठी मी गेले असते की मराठीसाठी, आता सांगता येणार नाही. रविवारी गेले. पत्र्याच्या शेडमध्ये पांढरं-पिवळं दोन माणसांचं विमान उभं, आणि त्याच्या चाकापाशी पंचा नेसलेला एक उंच, हडकुळा माणूस बसून चाकाचं टोपण काढत होता. मी मराठीत नमस्कार म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. ‘‘कोण्या गांवचे तुम्ही?’’

‘‘मिरज.’’

‘‘अय्यो, तेवढ्या लांबून आलेत? बसा, बसा. कापी घ्या.’’

तंजावरकडचं मराठी मी तोवर ऐकलेलं नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी गाठोड्यात बांधून आणलेले शब्द, आणि त्यांना तमिळचे हेलकावे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मामांना माझंच मराठी ऐकून हसू येत होतं. बातम्या सांगितल्यासारखं बोलतेस म्हणून सांगायचे. घरात मामी आणि ते तमिळच बोलत. विमानाशी, म्हणजे काट्यांशी आणि रेडिओशी, इंग्रजी. मराठी उरलं होतं ते दोन कामांना: देवापुढे बसायला आणि मोजायला. त्यांचे वडील शेतातलं भात मराठीत मोजायचे, म्हणून मामाही सगळं मराठीत मोजत. गोळ्या, नारळ, कपडे, आणि मुख्य म्हणजे पावलं.

ही पावलं मोजण्याची रीत मी जगात दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. मामांची धावपट्टी म्हणजे हरळीचा एक लांब पट्टा. एका बाजूला चौदा ताड ओळीनं, पन्नास-पन्नास पावलांवर. एका टोकाला शेड, दुसऱ्या टोकाला गावच्या तळ्याचा मातीचा उंच बांध. टोकापासून टोकापर्यंत सातशे पावलं, बस्स. डांबरी धावपट्टीवर वाढलेल्या माणसाला ती बघूनच घाम फुटावा. उडायचं असेल त्या सकाळी मामा चपला काढून शेडपासून चालायला लागायचे, अनवाणी, मोठ्यानं मोजत. ‘‘एक, दोन, तीन...’’ मधेच थांबून अंगठा जमिनीत रुतवून बघायचे. घोटा भिजला का, चिखल बोटांमधून वर येतो का, गवत पायाला आडवं येतं का. मला पहिल्यांदा बूट घालून मागे येताना बघितलं तेव्हा ओरडले होते, ‘‘बूट काढ वसुम्मा! पाय सांगतील ते तो काटा सांगणार नाही.’’ माझं नाव वसुधा. त्यांनी त्याला तमिळ शेपूट लावलं ते कायमचंच.

साडेतीनशे पावलं झाली की ते थांबायचे. सातव्या ताडाच्या समोर. पिशवीतून चुना काढून पट्टीवर आडवी पांढरी रेघ ओढायचे. गवताच्या आखूड पट्टीवरून उडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला तो नियम: अर्धी पट्टी संपेपर्यंत वेगाचा काटा चाळीसला लागलेला हवा. लागला तर पुढे जा. नाही लागला तर थ्रॉटल मागे ओढून इंजिनाचा जोर काढून घे, ब्रेक लाव, आणि खाली उतरून स्वतःला दोन शिव्या दे. त्यात विचार करायचा नसतो. विचार करेपर्यंत बांध येतो. म्हणून रेघ आधी आखायची, शांत डोक्यानं, पायांना विचारून. आणि मग विमानात बसल्यावर तिच्याशी वाद घालायचा नाही.

वर्षं गेली तशी ती रेघ अलीकडे सरकायला लागली. मला कळायला दोन हंगाम लागले. मामांची पावलं आखूड होत होती. साडेतीनशे मोजून ते थांबायचे आणि सातवा ताड अजून पुढेच असायचा. नंतर नंतर तर रेघ सहाव्याच्या जवळ यायला लागली. मी बोलले नाही. रेघ अलीकडे आली तर नुकसान काहीच नव्हतं, उलट जरा जास्तच सावधगिरी. आणि म्हाताऱ्या माणसाला त्याचं पाऊल लहान झालंय हे कोण सांगणार? आम्ही दोघं त्या अलीकडच्या रेघेपाशी चाळीस गाठून मजेत वर जायचो.

ते वर जाणं आठवलं की आजही मी बसल्या जागी अस्वस्थ होते. चाकांनी चिरडलेल्या हरळीचा वास आणि पेट्रोलचा वास एकत्र आत यायचा. खडखड, खडखड, सगळं विमान दात वाजवल्यासारखं वाजायचं, आणि एका क्षणी ते थांबायचं. खडखड थांबली की समजायचं, जमीन सुटली. बांध पायाखालून जायचा. पलीकडे तळं, तळ्यात उलटे ताड, बगळे उठायचे ते आमच्या खालीच राहायचे. आणि मग भातशेतं, आणखी तळी, आणखी तळी, कारखान्यांची निळी छपरं, आणि फार लांब समुद्राची एक पांढुरकी कड. मामा त्या विमानाला सिट्टु म्हणायचे, म्हणजे चिमणी. वर गेल्यावर ते फारसं बोलत नसत. हात मांडीवर ठेवून खिडकीतून खाली बघत बसत.

हात मांडीवर, कारण त्यांचे डोळे आधीच अधू झाले होते. काचबिंदू. त्या ऑक्टोबरच्या दोन वर्षं आधी तपासणीत त्यांना नापास केलं गेलं, आणि डावीकडची, चालवणाऱ्याची खुर्ची माझ्याकडे आली. ते उजवीकडे, पाहुण्यासारखे. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाले, ‘‘रडतेस काय म्हणून? तुला दिसणार नाही की मग. दोघांपैकी एकाला तरी दिसावं पा.’’

मग जमीन विकायचं ठरलं. मुलं परदेशात, मामींचे गुडघे दुखत, डॉक्टर शहरात. जमीन एका गोदामवाल्यानं घेतली, विमान दक्षिणेकडच्या एका क्लबनं. पोंगलनंतर, म्हणजे जानेवारीत, ताबा. पण पोंगलपर्यंत थांबायची सोय नव्हती. दरवर्षी पाऊस जोरावर आला की तळं भरायचं, बांधाच्या कडेनं पाणी झिरपायचं आणि पट्टीवर दोन महिने बेडकांचं राज्य असायचं. म्हणजे सिट्टुला पावसाआधी तिथून काढायलाच हवं होतं. मी चालवणार, मामा शेजारी बसणार. चाळीस मिनिटांचं उड्डाण. आपल्या गवतावरून शेवटचं. गेले कित्येक महिने मामांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. शेवटी विकतच होते तर एवढं काय, असं मामी मला हळूच म्हणाल्या होत्या. पण मामांचा एक जुना पांढरा शर्ट त्यांनीच इस्त्री करून ठेवलेला मी पाहिला होता.

पाऊस आठवडाभर आधीच आला. तीन दिवस, तीन रात्री. मी नुंगंबाक्कममध्ये गॅलरीत उभी राहून रस्त्यावरचं पाणी मोजत होते. मुनियम्मानं शेळ्या आणल्या नाहीत. मुनियम्मा म्हणजे पलीकडच्या वाडीतली बाई. तिच्या बावीस शेळ्या हे आमचं गवत कापायचं यंत्र. पावसात शेळ्या बाहेर काढत नाहीत, आणि पावसातच गवत वाढतं, असा सगळा तिढा. चौथ्या दिवशी दुपारी उघडलं. मामांचा फोन आला. ‘‘उद्या सकाळी निघायचं. परवापासून पुन्हा पाऊस म्हणून सांगतायत. तू ये.’’

‘‘मामा, गवत?’’

‘‘गवत आहे. मी काय नाही म्हणून सांगितलो? पण बघ वसुम्मा, मी आठ दिवस झाले, रात्रीचा भात सोडलोय. राइस मिलच्या काट्यावर उभा राहून आलो. चार किलो उतरलो.’’

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मला रडू आलं. हा माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, तंजावरचा, भातावर वाढलेला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सूर्य ताडांच्या डोक्यावर आला होता. आभाळ धुतलेलं, वारा बांधाकडून, म्हणजे बरोबर समोरून, पण मंद. खांबावरची वाऱ्याची पिशवी अर्धवट भरलेली, लोंबत होती. मामा शेडमध्ये सिट्टुमधून सामान काढत होते. हत्यारांची पेटी, उशा, चाकांची टोपणं, पाण्याची बाटली, सगळं एका पोत्यावर मांडलेलं. पेट्रोल फक्त पोचण्यापुरतं आणि वर थोडं. मामींनी दिलेला दहीभाताचा डबासुद्धा त्यांनी बाहेर काढून ठेवला होता. पांढरा शर्ट घातला होता. चपला शेडच्या दाराशी. ‘‘मी चालून आलो,’’ म्हणाले. ‘‘रेघ आखली. पट्टी बरी आहे. तू विमान बघून घे.’’

मी आधी विमान बघितलं नाही. बूट काढले आणि चालायला लागले. का गेले? सवय म्हणून. निदान मी तसं म्हणते. हरळी घोट्याच्या वर आली होती, तिच्यात मधे मधे पावसाळी लव्हाळं. तिसऱ्या ताडापाशी पाय मऊ जमिनीत गेला. पाचव्यापाशी पुन्हा. सहाव्यापाशी मी रेघ शोधायला लागले, कारण ती आताशा तिथेच कुठेतरी असायची. नव्हती. सातवा ताड आला. रेघ नव्हती. मी मान वर करून बघितलं. रेघ आठव्या ताडाच्याही पुढे होती. पांढरी, सरळ, नीट आखलेली.

आखूड पावलांच्या माणसाची रेघ अलीकडे सरकते. मोजताना चुकून ती पुढे जात नाही. माझ्या डोक्यात हे आलं आणि मी तिथेच उभी राहिले, ओल्या गवतात. मला राग आला. इतकी वर्षं मला शिकवलं काय आणि आज हे? मागे वळून बघितलं तर शेडच्या दारात मामा उभे. एवढ्या लांबून मी त्यांना दिसत तरी होते की नाही, कोण जाणे. पण ते माझ्याच दिशेला तोंड करून उभे होते.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. परत जाऊन एवढंच म्हणायचं, मामा, रेघ चुकली. ते हसले असते, किंवा चिडले असते, किंवा गप्प बसले असते. पण आठ दिवस सोडलेला रात्रीचा भात, इस्त्रीचा शर्ट...  मी परत आले, पाय पुसले, बूट घातले, विमान तपासलं, फोनवरून उडायची परवानगी घेतली. मनात मात्र सातवा ताड पक्का धरला. मामांना मी शेजारी बसवलं, त्यांचा पट्टा बांधला, आणि सगळा वेळ मला जवळजवळ ठाऊक होतं की हे होणार नाही. आज मला सर्वात जास्त जे टोचतं ते हे. मला ‘नाही’ म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून मी धावपट्टीला ‘नाही’ म्हणायला लावलं.

मऊ जमिनीवर विमान थांबवायचं नसतं. शेडपासून वळतानाच थ्रॉटल पुढे. दांडी पोटाशी ओढलेली, म्हणजे पुढचं चाक हलकं राहतं. खडखड नव्हती त्या दिवशी. ओल्या गवतात चाकं फुसफुसत होती. पहिला ताड. दुसरा. पाणी पंखांच्या खाली उडत होतं. तिसऱ्यापाशी कोणीतरी मागून धरल्यासारखं विमान अडखळलं आणि पुन्हा निघालं. काटा वीस. चौथा, पाचवा. सत्तावीस. मामा पुढे वाकले होते, काट्याकडे नाही, समोर, त्यांना जेवढं दिसत होतं तेवढ्याकडे. सहावा. एकतीस. पुढे ती पांढरी रेघ दिसत होती, ये ये म्हणत होती. सातवा ताड माझ्या डाव्या पंखाशी आला तेव्हा काटा चौतीसला होता.

मी थ्रॉटल मागे ओढला.

ओल्या गवतावर ब्रेक म्हणजे नुसतं नाव. आम्ही घसरत रेघेवरून गेलो, नववा ताड गेला, दहावा गेला, आणि अकराव्यापाशी सिट्टु जरा तिरकी होऊन थांबली. पंखा फिरत होता. बांध समोर, त्यावर एक कुत्रं उभं राहून आमच्याकडे बघत होतं. मामांनी काही विचारलं नाही. रेघ अजून आली नव्हती तर का थांबलीस, असं कोणीही विचारलं असतं. त्यांनी स्वतःचा पट्टा स्वतः सोडला.

‘‘एकटी गेलीस तर जाईल,’’ ते म्हणाले.

‘‘मामा, दुपारपर्यंत थांबू. ऊन आहे. गवत वाळेल थोडं.’’

‘‘दुपारी ढग येतील. तुला ठाऊक आहे.’’ दार उघडून त्यांनी एक पाय गवतात ठेवला. ‘‘सरी, ठीक आहे वसुम्मा. परत वळव. मी तिथे उभा राहतो.’’

मी परत शेडपाशी गेले. ते चालत रेघेपाशी जाऊन कडेला उभे राहिले, ताडांच्या बाजूला, पांढऱ्या शर्टात. मी पुन्हा निघाले. एका माणसाचं वजन म्हणजे काय असतं ते त्या दिवशी माझ्या हातांना कळलं. सहावा ताड ओलांडताच काटा चाळीसला लागला. नवव्याच्या आधी चाकं सुटली. मामांच्या बाजूनं गेले तेव्हा माझं लक्ष समोर होतं. तसंच असायला हवं. बांध ओलांडून, तळ्यावरून वळसा घेऊन मी परत पट्टीच्या डोक्यावर आले, पंख हलवले. आता ते हात वर करतील असं वाटलं होतं.

ते खाली बघत होते. उजवा पाय मागेपुढे करत होते. वरून बघताना मला क्षणभर कळेना, आणि मग कळलं. अनवाणी पायानं ते रेघ पुसत होते. तिथून पुन्हा कोणीही उडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पावसानं ती आपोआप धुऊन जाणार होती. तरी ते पुसत होते.

चाळीस मिनिटं मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं नाही.

तुम्ही म्हणाल, क्लबात जाऊन एकदा बसवायचं होतं त्यांना. मी काय सांगितलं नाही? दहा वेळा सांगितलं. मामा-मामी तिरुवल्लिकेणीला, देवळामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांमध्ये राहायला आले. मी दर पंधरा दिवसांनी जायची. मामा राजकारणावर बोलायचे, गुडघ्यांच्या तेलावर बोलायचे, मरीनाच्या वाळूवर फिरून आलो म्हणून सांगायचे. चला ना मामा, गाडीनं दीड-दोन तास, सिट्टु आहे तिथे. ‘‘तिथे डांबर आहे,’’ ते म्हणायचे. ‘‘डांबरावरनं कोणीही उडतं.’’ त्या सकाळबद्दल एक शब्द नाही. ना त्यांनी काढला, ना मी. अडीच वर्षांनी ते गेले. तेराव्याला मामी मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी घरी आला ना, पाय असा पांढराच होता. मी पाणी घेऊन गेले, तर धुवू दिला नाही. ‘राहू दे’ म्हणून सांगितला. तसाच झोपला. काय झालं होतं ग?’’

‘‘चुना होता मामी,’’ मी म्हणाले. ‘‘रेघेचा.’’ 

मी ते गणित किती वेळा मांडलं असेल! सातव्यापाशी चौतीस, तर आठव्याच्या पुढे चाळीस झाले असते का? गवत एवढं, वारा एवढा, वजन एवढं. कधी उत्तर येतं, बांध ओलांडला असता, हातभर अंतरानं. कधी येतं, नसता. मी मुलांना नकाशा आणि हवामान शिकवते. फळ्यावर हेच गणित नाव न सांगता घालते आणि पोरं निमूटपणे सोडवतात. त्यातही निम्म्यांचं हो, निम्म्यांचं नाही. मी थांबले ते चूक नव्हतं, हे मला छान कळतं. तरी दर ऑक्टोबरला माझा उजवा हात झोपेत पुढे जातो, थ्रॉटल पुढे ढकलतो.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले होते. लाल रस्ता आता सिमेंटचा झालाय. पट्टीवर गोदाम, लांबच्या लांब, राखाडी. ताड मात्र आहेत. परवानगीशिवाय ताड तोडता येत नाही म्हणून ते भिंतीच्या कडेला तसेच ठेवलेत. मी फाटकाच्या बाहेर गाडी थांबवून मोजले. मराठीत. सातव्याच्या समोर ट्रक आत घ्यायचं दार आहे. चौकीदारानं काय पाहिजे विचारलं, तर मी गाडी सुरू केली.

आणि आज सकाळी तपासणी. नुंगंबाक्कममध्येच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. बाहेरच्या बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं, आत भिंतीवर दिवा लावलेला तक्ता, मोठी अक्षरं वर, बारीक खाली. माझ्या आधीचे एक गृहस्थ आत खुर्चीवर बसून वाचत होते. त्यांना डॉक्टरीणबाई एकेक ओळ विचारत होत्या. मी मासिक चाळत होते, निदान हातात होतं. मग माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलतायत. शेवटून दुसरी ओळ. उजव्या डोळ्यानं मला ती तिथूनही नीट दिसत होती, आणि मी ती घोकत होते. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. दोनदा म्हणून झाली होती. तिसऱ्यांदा न बघता म्हणत होते. शाळेतली पोर कविता पाठ करते तशी, मान डोलावत.

मी कोणाला फसवायला निघाले नव्हते. खरंच सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. पायांनी चालायला सुरुवात केली होती आणि सातवा ताड मागे पडला होता, एवढंच. नऊ वर्षं मी त्या माणसावर थोडी रागावून होते. तुम्हीच शिकवलंत मामा, तुम्हीच कशी पुढे नेलीत रेघ? त्या बाकावर तो राग कुठे गेला कोण जाणे. आठव्या ताडापर्यंत चालत जाताना त्यांनाही कदाचित असंच झालं असेल. मोजणं चालू होतं, पाय थांबले नाहीत. मला त्यांना फोन करावासा वाटला.

‘‘मॅडम, उळ्ळ वांग,’’ आतून हाक आली.

मी आत जाऊन खुर्चीवर बसले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. उजवा डोळा झाकायला काळी चकती हातात दिली, छडी उचलली आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर ठेवली. ओळ माझ्या जिभेवर तयार होती. अख्खी, एकही अक्षर न चुकता.

‘‘डॉक्टर, तक्ता बदला,’’ मी म्हणाले. ‘‘हा मला पाठ झालाय.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तक्ता फिरवून दुसऱ्या अक्षरांची मागची बाजू पुढे केली. मी उजवा डोळा झाकला, आणि डाव्यानं दिसलं तेवढंच वाचलं.